निगूड

पंचवीस वर्षं मी गोळ्यांच्या पट्ट्या कापते आहे
वाळपईच्या या अरुंद दुकानात.
कुणाला दहा, कुणाला चार;
महिना सरत आला की सगळ्यांना दोनच.

आता कात्रीच धरवत नाही.
पहाटे जाग येते तेव्हा बोटं दुसऱ्या कुणाची असतात.
मधल्या बोटाचं पेर
रात्रभर भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं.
अंगठी अडकली, तेव्हा नानू शेट्यानं ती कापून काढली,
पैसे घेतले नाहीत.
तेच जास्त लागलं.

मंगळवारी, माझं शटर अर्धं वर असतानाच,
केरीच्या बसमधून उतरते सत्यवती गावस.
डोक्यावर गोणपाट, गोणपाटात रान.
दुकानासमोर गटाराच्या फरशीवर ती मांडत जाते
एरंडाची पानं, गुळवेलीच्या कांड्या,
शेवग्याची साल, माती न झटकलेली आंबेहळद.
इतकी वर्षं मी एवढंच म्हणत आले तिला,
बाय, जरा बाजूला सर,
गिऱ्हाईक अडखळतं.
ती सरायची.
वीतभर.

त्या दुपारी बाजार पांगला होता,
हुर्राकाचा वास कुठल्याशा भाटातून येत होता.
मी पायरी उतरले आणि हात पुढे केला,
बोलले काहीच नाही.
तिनंही विचारलं नाही, किती दिवस, कुठला डॉक्टर.
एक डहाळी उचलून माझ्या पंजावर ठेवली:
एका देठाला पाच पानं,
माझ्या पाच बोटांवर पाच.
"निगूड," ती म्हणाली.
पुस्तकात तिला निर्गुंडी म्हणतात, मला ठाऊक होतं.
पान पोटाकडून राखाडी असतं, एवढं मात्र
पुस्तकात वाचल्याचं आठवेना.

"तव्यावर परत. करपू नको देऊस.
खोबरेल लाव, निजताना बांध,
जुनेराच घे, नवं लुगडं डागाळेल.
आणि तुझ्या गोळ्या सोडू नकोस गो,
पान गोळीवर रुसत नाही."
पैसे?
"तुझ्या सावलीत बसते ना मी."

माझी सावली! तिला मी किती वेळा हाकललं होतं त्यातून.

रात्री तव्यावर पानं चुरचुरली.
कडू, उग्र, कापराच्या जवळचा वास
पडद्यात, उशीत, दुसऱ्या दिवशीच्या भातातही.
मुलगा म्हणाला, आई, घरात काय मेलंय?
मी मूठ मिटून पाहत होते.
मिटत नव्हती.
सातव्या रात्रीही पुरती मिटली नाही.
पण चिंधीच्या उबेत
दुखणं जरा बाजूला सरलं,
गेलं नाही.
वीतभर.

खोटं कशाला बोलू?
पानानं झालं, की गोळीनं,
की कुणीतरी हात हातात धरला म्हणून,
याची पावती माझ्याकडे नाही.

पुढच्या मंगळवारी, शेवटच्या बसच्या थोडं आधी,
सत्यवती पायरी चढून आली.
पहिल्यांदाच.
एक पाय ओढत, खांबाला धरून.
गोणपाट बाहेर, रिकामं.
गुडघ्यावर एरंडाचं पान बांधलेलं,
तेलानं काळं पडलेलं, पदराआड लपवलेलं.
"निगूड वर मिळते, डोंगराच्या त्या अंगाला.
उतरताना जीव जातो," ती म्हणाली,
आणि इकडेतिकडे पाहून, हळूच,
"दोनच दे."

मी कात्री शोधली. सापडली.
धरली दोन्ही हातांनी, लहान मूल धरतं तशी.
पट्टी वाकडी कापली गेली.
"जेवल्यावर घे. उपाशीपोटी नको.
आणि गुरुवारी आरोग्य केंद्रात डॉक्टर येतो,
त्याला गुडघा दाखव. मी येते बरोबर."
तिनं मान हलवली, हो की नाही, कळलं नाही.

बस आली. वाजवत राहिली.
फरशीवर एक डहाळी राहिली होती,
पाचातली तीन पानं असलेली.
मी ती उचलली नाही, झाडलीही नाही.
शटर ओढलं, तिच्या अलीकडेच.